पेर अर्धा, आड आसरा

हिवरमाळ गावाच्या डोक्यावर जो लांबरुंद माळ पसरला आहे, तो कुणी पूर्ण पेरलेला पाहिलेला नाही. एका साली पूर्वेची बाजू ज्वारीने डोलत असते आणि पश्चिमेला नुसते गवत, त्यावर गावाची गुरे. पुढच्या साली उलटे. मध्ये एक जुना आड आहे. तोंड अरुंद, काठ दगडी, वर लाकडी रहाट. आडाच्या कडेला शेंदूर लावलेले सात खडे आहेत, त्या साती आसरा. पाण्यातल्या या देवतांना इथे चोळी-बांगडी वाहतात.

पाहुण्यांना एवढे पाहून नवल वाटत नाही. नवल वाटते ते रब्बीच्या पेरणीच्या दिवशी. त्या दिवशी वाळुंजांच्या घरातला सगळ्यात वडीलधारा पुरुष धोतर नेसून, पागोटे बांधून आडाशी येतो. त्याच्या कमरेला दोर बांधून त्याला हळूच आत सोडतात. मग वाळुंजांच्या सुना पदर खोचून रहाट फिरवतात आणि त्याला वर काढतात. आधी पागोटे दिसते, मग मिशा. मिशा दिसल्या की माळावर जमलेला सगळा गाव आभाळाकडे तोंड करून ओरडतो, "पेर अर्धा!" आणि सुना ओरडतात, "आड आसरा!" त्याशिवाय पेरायच्या पाभरीला बैल जुंपत नाहीत.

हे असे का, ते मारुतीच्या पारावर बसणारे सोपान गुरव सांगतात. कथा त्यांना आजोबांकडून मिळाली, आणि आजोबा, निवृत्ती गुरव, त्या दिवशी स्वतः तिथे होते. त्यामुळे सोपानरावांच्या कथेत आजोबा कुठेही पळत नाहीत. बाकीचा गाव काय सांगतो, ते ऐकणाऱ्याने वेगळे विचारून घ्यावे.

ते मोठ्या लढाईचे दिवस होते, असे सांगतात. लढाई फार दूर होती. हिवरमाळला तिची खूण एवढीच, की घासलेट मिळेनासे झाले होते आणि अधूनमधून आभाळातून घुर्र आवाज करीत विमान जायचे. विमान गेले की बायका उंबऱ्यात येऊन बघत, कोंबड्या टोपल्यांखाली शिरत आणि पुन्हा सगळे आपापल्या कामाला लागत.

हा माळ तेव्हा वाळुंजांच्या दोन भावांचा होता. थोरला हरिबा. तो तापाने गेला. मागे राहिली त्याची बायको ठकुबाई. मूलबाळ नव्हते. अंगाने वाळकी, पण आवाज असा, की तिने माळावरून शेळीला हाक मारली तर खालच्या आळीतल्या शेळ्याही उठून उभ्या राहत. धाकटा कोंडाजी. देहाने दांडगा, मिशा ऐटदार, आणि डोक्यावर सदा पागोटे. झोपतानाही तो ते उशाशी ठेवायचा म्हणे.

कोंडाजी वाईट माणूस नव्हता. फक्त त्याला जमीन मोकळी बघवत नसे. मोकळी जमीन दिसली की त्याच्या हातापायांना मुंग्या यायच्या. भाऊ होता तोवर त्याने दम धरला. भाऊ गेल्यावर त्याची नांगरट दर साली बांधाच्या थोडी पलीकडे जाऊ लागली. ठकुबाई भांडे, तो म्हणे, "बैल वळवायला जागा लागती, वहिनी." बैल वळवता वळवता बांधच नाहीसा झाला. आडावरही तो हक्क सांगू लागला. त्याच्या घरचे पाणी भरून झाल्यावर ठकुबाईने भरावे, असा त्याने नियम केला.

त्या साली ठकुबाईचा एक बैल मेला. उरला एक. एका बैलावर पाभर चालत नाही. तिने शेजारीपाजारी बैल मागून पाहिला, पण कोंडाजीशी वैर कुणाला नको होते. तिने बैलाच्या जोडीला गाय जुंपून पाहिली. गाय दोन पावले चालली आणि बसली. बैलही तिच्याकडे बघून बसला. ठकुबाई पाभरीचा दांडा धरून बराच वेळ उभी राहिली. मग तिने दोघांनाही सोडले आणि घरी जाऊन दार लावून घेतले. नवरा गेला तेव्हा ती चारचौघांत रडली होती. त्या दिवशी एकटी रडली, असे म्हणतात.

कोंडाजीने पंचांकडे बोलणे घातले. जमीन पडीक पडली तर गावाचे नुकसान, म्हणाला. वहिनीने या पेरणीला आपली बाजू पेरावी. नाही पेरली तर मी पेरीन, आणि मग पुढेही मीच कसत जाईन. पंचांनी मान हलवली. कोंडाजीपुढे मान हलवण्याची त्यांना सवय होती.

पेरणीचा दिवस उजाडला. ठकुबाई न्याहारी बांधून माळावर गेली आणि आपल्या बाजूच्या बरोबर मध्यावर, गवतात, मांडी घालून बसली. शेजारी दोन शेळ्या बांधल्या. थोड्या वेळाने कोंडाजी आला. एका गाडीत बियाणाची पोती, मागून पाभर, तिला वेगळी बैलजोडी, दोन गडी. आणि त्याच्या मागे निम्मा गाव, कारण भांडण बघायला येणार नाही असा माणूस हिवरमाळात जन्मलेला नव्हता. निवृत्ती गुरवही होते. ते भांडण सोडवायला आले होते, असे सोपानराव सांगतात.

"वहिनी, उठा," कोंडाजी म्हणाला.

"का?"

"पेरायचंय."

"पेरा की. मी काय बी धरून ठेवलंय का?"

"तुम्ही मधी बसलाय."

"माझ्या जागंत बसलीय. तुमच्या अंगणात नाय."

"पंचांनी सांगितलंय, वहिनी."

"पंचांना सांगा, ठकीला बैल द्या. ती आत्ता पेरती. बघा कुणी उठतंय का."

पंच जमिनीकडे बघू लागले. कोंडाजीने मिशीवरून हात फिरवला. त्याला बाईमाणसाला हात लावायचा नव्हता, आणि गावासमोर परतायचेही नव्हते. त्याने गड्याला सांगितले, "हाण पाभर. जवळ आली की उठतील."

पाभर निघाली. ठकुबाई उठली नाही. बैल तिच्यापासून हाताच्या अंतरावर आले आणि थांबले. गड्याने चाबूक उगारला, पण बैल शहाणे होते. ठकुबाईने त्यातल्या एकाच्या नाकावर हात ठेवला आणि ती म्हणाली, "बघा भावजी. तुमच्यापेक्षा यालाच जास्त कळतंय."

लोक हसले. कोंडाजीचा चेहरा तांबडालाल झाला. तो स्वतः पुढे येणार, तेवढ्यात घुर्र झाले.

पहिल्यांदा कुणी वर पाहिलेच नाही, कारण खाली भांडण रंगात आले होते. पण या खेपेचा घुर्र वेगळा होता. मध्येच थांबायचा, खोकायचा, पुन्हा सुरू व्हायचा. मग तो पूर्ण थांबला, आणि ती शांतता ऐकून सगळ्यांनी माना वर केल्या. विमान गावावरून खाली उतरत होते. पंखा थांबलेला, नुसता वाऱ्याचा सूं सूं आवाज, आणि रोख थेट माळाकडे.

मग जे झाले ते गावात अजून ज्याच्या त्याच्या परीने सांगतात. पंच ज्या दिशेला तोंड होते त्या दिशेला पळाले. गडी पाभरीखाली शिरले. निवृत्ती गुरव मारुतीच्या देवळाकडे गेले, दार उघडे राहिले होते म्हणून. बियाणाच्या गाडीचे बैल उधळले आणि गाडीसकट गावात घुसले. गाडीच्या खुंटीला अडकून एक पोते फाटले, त्यातून ज्वारीची धार लागली. ती धार सांडत बैलांनी सगळ्या गावाला प्रदक्षिणा घातली.

ठकुबाई तेवढी जागेवरच राहिली. पुढे लोक तिला धीराची बाई म्हणत. ती सांगायची, "कसला धीर? पाय उठंनात माझं."

विमान टेकले, उडाले, पुन्हा टेकले, गवतातून धडधडत आले आणि ठकुबाईच्या शेळ्यांपाशी येऊन थांबले. शेळ्या ओरडल्या. मग सगळे शांत. विमानातून एक पोरगा बाहेर पडला. गोरा, ओठांवर धड मिसरूड नाही, तोंड उन्हाने भाजलेले. तो खाली उतरला आणि दोन पावले चालला. तो मटकन खाली बसला. दोघे समोरासमोर बसून एकमेकांकडे बघत राहिले.

ठकुबाईने त्याचे सुकलेले ओठ पाहिले आणि तिला जे सुचले ते ती बोलली.

"लेकरा, पाणी पायजे का?"

त्याला अक्षर कळले नसणार, पण आवाज कळला. त्याने मान हलवली. तिने न्याहारीतली अर्धी भाकर मोडून त्याच्या हातात दिली, त्याला दंडाला धरून उठवले आणि आडाकडे नेले. वाटेत त्याने छातीवर हात ठेवून आपले नाव सांगितले. पर्सी, असे काहीतरी. "परशा व्हय? बरं, परशा. चल," ती म्हणाली.

आडावर दोर आत सोडलेला होता. ठकुबाईने रहाटाला हात घातला. रहाट हलेना. तिला वाटले, पोहरा कपारीत अडकला. तिने परशाला खूण केली. त्याने भाकरीचा घास तोंडात धरला आणि दोन्ही हातांनी रहाट फिरवू लागला. दोर करकरत होता. पोहरा एवढा जड कसा, असे ठकुबाई मनात म्हणते तोच आडाच्या तोंडाशी पागोटे आले.

पागोट्यामागून मिशा आल्या. मिशांमागून कोंडाजी.

विमान उतरताना त्याला दुसरे काही दिसले नव्हते. आड जवळ होता. तो दोर धरून आत उतरला आणि पाण्याच्या थोडा वर, पोहऱ्यावर पाय देऊन, डोळे मिटून लटकत राहिला होता. आता डोळे उघडले तर समोर ठकुबाई आणि एक गोरा माणूस. कोंडाजीने दोर सोडला नाही. त्याला काठावर घेतल्यावरही तो दोर धरूनच उभा होता.

तोवर लोक परतले होते. पंच आले, गडी पाभरीखालून निघाले, निवृत्ती गुरव देवळाचे दार नीट लावून आले. कोंडाजी आडातून निघाला, हे निम्म्या गावाने पाहिले आणि उरलेल्या निम्म्याला तिथल्या तिथे कळले. पण हसायला कुणाला जमेना. सगळ्यांचे लक्ष आभाळातून आलेल्या पाहुण्याकडे होते.

गुरव पुढे झाले. देवाचा माणूस म्हणून बोलण्याचा मान त्यांचा. त्यांनी आभाळाकडे बोट दाखवले, मग पोराकडे, मग हात हलवून विचारले, "कोण? कुठला? कशासाठी?"

पोराला प्रश्न कळला असावा. त्याने खिशातून एक चपटी डबी काढली. डबीवर पंख पसरलेला पक्षी कोरलेला होता आणि त्याच्याभोवती अक्षरे. त्याने पक्ष्याकडे बोट केले, स्वतःकडे केले, वर आभाळाकडे केले. मग तो ताठ उभा राहिला आणि ती अक्षरे त्याने मोठ्याने म्हणून दाखवली. भाकरीचा घास अजून त्याच्या गालात होता. वारा सुटलेला होता. गावाने ऐकले ते असे.

"पेर अर्धा, आड आसरा."

गुरवांनी हात जोडून विचारले, "काय म्हणालात, महाराज?"

पोराला आनंद झाला. त्याने घास दुसऱ्या गालात ढकलला आणि पुन्हा म्हटले. पुन्हा तेच.

"पेर अर्धा म्हणतोय," गुरव गावाकडे वळून म्हणाले. "अर्धाच माळ पेर. आन् आड आसरांचा. कुणा एकाचा नाय. कोंडाजी, तुझ्या भांडणाचा निकाल घेऊन आलाय रं हा."

"याला मराठी येती?" एका पंचाने विचारले.

"तेवढंच येत असंल. तेवढ्यासाठीच धाडला असंल."

"आन् आड आसरा म्हंजी," मागून एक बाई म्हणाली, "आडानं आसरा दिला, असंबी व्हतंय. कोंडाजीदादा कुठं लपलं व्हतं ते आभाळातून दिसलं की त्याला!"

आता मात्र माळ हसला. ठकुबाईही हसणार होती, पण तिचे लक्ष कोंडाजीकडे गेले. तो हसत नव्हता आणि चिडतही नव्हता. तो पांढराफटक पडला होता. 'अर्धा' हा शब्द ऐकल्यापासून त्याची नजर त्या सात शेंदरी खड्यांवर खिळली होती. ठकुबाईने ते पाहिले आणि मनात ठेवले.

पेरणी त्या दिवशी राहिली. पोराने विमानाकडे बोट करून तेल संपल्याची खूण केली, तेव्हा एक गडी निरोप घेऊन नगरकडे पिटाळला. पाहुण्याला मारुतीच्या देवळात उतरवले. बायकांनी त्याला इतके जेवू घातले की त्याने शेवटी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. संध्याकाळी परतीच्या पावसाची एक जोरदार सर येऊन गेली.

दुसऱ्या दिवशी उन्हे चढल्यावर नगरच्या बाजूने लष्कराची लॉरी आली. तिच्यात तेलाची पिंपे होती, दोन गोरे सोजीर होते आणि एक दुभाषा होता, शामुवेल साळवे. साळवे नगरचा ख्रिस्ती, मिशनच्या शाळेत शिकलेला, पाद्री व्हायचे म्हणून थोडी जुनी भाषाही घोकलेला. बोलायला मवाळ आणि खोटे बोलता न येणारा.

लॉरी थांबायच्या आत कोंडाजीने त्याला गाठले. रात्रभर त्याचा डोळा लागला नव्हता. "साहेब, त्या डबीवर काय लिव्हलंय ते खरं खरं सांगा. गावासमोर सांगा."

गाव जमला. साळव्याने डबी हातात घेतली, अक्षरे वाचली, एकदा मनाशी पुटपुटला, 'पेर आर्दुआ आद आस्त्रा.'

"हे मराठी नाही, मंडळी. लॅटिन आहे. विमानदळाचे ब्रीद आहे हे. अर्थ असा, की कष्टातून ताऱ्यांकडे."

"आन् अर्धा?" कोंडाजीने विचारले.

"अर्धा नाही यात."

"आड?"

"आडही नाही."

कोंडाजीने मोठा श्वास सोडला. त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "ऐका! पेर न्हाय, अर्धा न्हाय, आड न्हाय. कष्ट म्हणतोय! कष्ट कोण करतंय या माळावर? मी करतोय."

लोक चुळबुळले. पंचांनी माना हलवायला सुरुवात केली. कालचा एक दिवस ठकुबाईला वाटले होते, की आभाळात कुणीतरी आपले आहे. ती पुढे आली.

"साळवेबाबा, ही भाषा कुठली म्हणालात? कुठली माणसं बोलत्यात?"

"आता कुणीच बोलत नाही, मावशी. बोलणारे लोक कधीच संपले. पुस्तकात राहिलीय तेवढी."

"कुण्णीच नाय?"

"कुणीच नाही."

"मग अर्थ सांगायला कोण येणारंय? बोलणारंच जर उरलं नाय, तर ज्यानं जे ऐकलं ते त्याचं. आमी काल इथं उभं राहून ऐकलंय. सगळ्या गावानं ऐकलंय."

साळवे हसला. त्याने ते सगळे त्या पोराला इंग्रजीत सांगितले. पोरगा आधी खो खो हसला, मग गंभीर झाला आणि बराच वेळ बोलला. साळव्याने त्याचे मराठी करून सांगितले.

"तो म्हणतो, की दळ नवे नवे होते तेव्हा साहेबाने हाताखालच्यांना सांगितले, आपल्याला एक ब्रीद शोधा. मग म्हणे दोन तरुण अधिकारी असेच मोकळ्या माळावरून पायी चालले होते. एकाला कुठेतरी वाचलेले हे शब्द आठवले. दुसऱ्याने साहेबाच्या कानावर घातले. साहेबाला आवडले. पण नेमका अर्थ काय, यावर त्यांचे त्यांच्यातच एकमत नाही. कुणी म्हणतो कष्टातून, कुणी म्हणतो संकटातून, कुणी म्हणतो अवघड चढणीवरून. शेवटी वरच्या मंडळींनी हात टेकले. ज्याला जो अर्थ लागेल तो त्याने घ्यावा, असे ठरले. असे हा ऐकून आहे."

"बघा!" गुरव म्हणाले. "त्यांच्याकडं बी असंच हाय."

"आणि तो असे म्हणतो," साळवे ठकुबाईकडे बघून पुढे बोलला, "की मला वरून हा सगळा मुलूख नांगरलेला दिसत होता. नांगरलेल्या मऊ जमिनीत चाक रुतले असते, विमान उलटले असते, मी मेलो असतो. एकच तुकडा न नांगरलेला होता. त्यामुळे या मावशींचा अर्थ मला पटतो."

त्या पडीक तुकड्यासाठी ठकुबाई महिनाभर मान खाली घालून वावरली होती. ती कोंडाजीकडे वळली. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"भावजी, एक विचारू? काल तुम्ही आडात व्हता. आत काय बोलला व्हता?"

कोंडाजीने पागोटे काढले. हिवरमाळने त्याचे डोके तोवर पाहिलेले नव्हते. ते अगदी साधे, चारचौघांसारखे टकले डोके होते.

"लटकलो व्हतो," तो म्हणाला. "हात सुटायला लागलं. खाली काळं पाणी. आसरांना म्हणालो, बायांनो, वर घ्या. दादाच्या अर्ध्याला पुन्हा हात लावणार नाय. पुरं म्हणालो नसंन तोच दोर हलला, आन् मी वर. आन् वर येतो न येतो तर ह्ये पोरगं म्हणतंय, अर्धा." त्याने नाक पुसले. "मला वाटलं, अर्थ दुसरा निघाला तर सुटंन. निघाला बी दुसरा. पण मी बोललो ते बोललोच की, वहिनी. ते मराठीतच बोललो व्हतो."

यावर पंचांना काही करायचे उरले नाही. निकाल गुरवांनी दिला, पण खरे तर तो तिथल्या तिथे सगळ्यांनी मिळून दिला. माळ दोन घरांचा. दर साली अर्धा पेरायचा, अर्धा मोकळा ठेवायचा, आलटून पालटून. पेरायचा तो दोन्ही घरांनी मिळून. बैल कोंडाजीचे, पाभरीच्या चाड्यात बी सोडणारी मूठ ठकुबाईची, आणि पीक दोघांचे. मोकळ्या भागावर गावाची गुरे चरतील. आड आसरांचा. जो तहानेला येईल त्याने पहिला भरावा.

कोंडाजीने मान्य केले. पण त्याला घासाघीस केल्याशिवाय काही मान्य करता येत नसे. म्हणून तो म्हणाला, "यंदाचं बियाणं निम्मं तर गावात सांडलंय. पुरा माळ पेरायचा म्हटलं तरी कुठून पेरणार व्हतो?" तेव्हा गुरवांनी पुन्हा हात जोडले. शब्द असाही खरा ठरला होता.

विमान उडायला वाट हवी होती. सोजिरांनी पाहणी करून सांगितले, दगड फार आहेत. मग सगळा गाव दगड वेचायला वाकला. हरिबाने हयातभर ज्यांच्यावर पाभर मोडून घेतली होती, ते दगड हाताहाती उचलले गेले. दोन्ही कडांना त्यांच्या लांब रांगा लागल्या. कोंडाजीने सगळ्यात मोठा धोंडा एकट्याने उचलला आणि तो उचलताना वहिनी बघतेय ना, हेही पाहून घेतले.

तेल भरून झाले. परशाने ठकुबाईसमोर येऊन टाच वाजवून सलाम केला. तिला सलाम परत कसा करतात ते माहीत नव्हते. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटे मोडली. सोजीर दुसरीकडे बघू लागले. मग पंखा फिरला, गवत लवले, विमान दगडांच्या रांगांमधून धावत सुटले आणि आडाच्या पुढे जमिनीपासून सुटले. ते ठिपक्याएवढे होईपर्यंत ठकुबाई डोळ्यांवर हात धरून उभी होती.

पुढे थोड्याच दिवसांत आणखी एक नवल झाले. उधळलेल्या गाडीतून बियाणाची धार जिथे जिथे सांडली होती, तिथे चाकांनी ते दाबले होते आणि पावसाने भिजवले होते. ज्वारी उगवली. माळावरून निघालेली हिरवी ओळ वेशीतून आत आली, चावडीला वळसा घालून, मारुतीभोवती फिरून, पंचांच्या दारांवरून गेली आणि गाडी जिथे थांबली होती तिथे, ठकुबाईच्या अंगणात, दाट होऊन थांबली. ज्याच्या दारात जेवढी आली, तेवढी त्याने कापली. कोंडाजी महिनाभर रोज त्या ओळीवरून चालत घरी जायचा आणि पाय पडू नये म्हणून लांब ढांगा टाकायचा.

परशाचे पुढे काय झाले, ते हिवरमाळला कधी कळले नाही. लढाई संपली, राज्य बदलले. कुणी म्हणतात तो त्याच्या गावी म्हातारा होऊन गेला. कुणी काहीच म्हणत नाहीत. ठकुबाई विचारायची नाही. पण त्या दिवसापासून माळावरून विमान गेले की ती हातातले काम टाकून अंगणात यायची आणि त्या शेळ्या उठवणाऱ्या आवाजात वर ओरडायची, "लेकरा, पाणी पायजे का?" ते फार उंचावर असायचे, तरी ओरडायची. म्हातारपणी आवाज बसला, तेव्हा तिने कोंडाजीला सांगितले, "आता तुम्ही वरडा." आणि म्हाताऱ्या कोंडाजीने अंगणात उभे राहून, पागोटे सावरत, विमानाला पाणी विचारले, असे सांगतात. ती गेली त्या दिवशीही एक विमान गेले होते, आणि तो तेव्हाही ओरडला होता.

आता हिवरमाळावरून दिवसभर विमाने जातात. इतकी उंच, की आवाज नंतर पोहोचतो आणि मागे नुसती पांढरी रेघ राहते. आत बसलेल्या माणसांना खाली माळ दिसत नसेल, गाव तर नाहीच नाही. पण आजही गावातली एखादी बाई भांडी घासता घासता मान वर करते, राखेचा हात कपाळाला लावून त्या रेघेकडे बघते आणि विचारते, पाणी पाहिजे का. उत्तर येत नाही. ती थोडे थांबते आणि मग कामाला लागते.